न अडखळता वाचलेलं वाक्य

२ जून

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा घसा कसा आहे? डॉक्टरांनी संध्याकाळनंतर बोलायचं नाही म्हणून बजावलंय, ते पाळतेस ना? जावईबापूंची कंबर सरळ झाली का, की अजून स्कूटरवरून उतरताना धनुष्य होतात? सासूबाईंचा गुडघा आणि त्यांच्या मांजरीचा कान, दोन्ही बरे असतील अशी आशा. मी ठणठणीत. बोटांना चिरा पडल्यात, पण खुर्च्यांना वेत विणणाऱ्या बाईची बोटं लोण्यासारखी असती, तर तिच्याकडे कोणी मोडका स्टूलही टाकला नसता. तुझ्या बापाचं शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर पुढचं काही सुचायचं नाही, एवढी चिडलेय.

तू आवाज दिलेली ती आयुष्य सुधारायची पुस्तकं फोनवर पाठवलीस आणि खरं मत कळव, तोंडदेखलं नको, असं लिहिलंस. घे तर मग. माझे हात दिवसभर गुंतलेले, कान रिकामे. सगळी ऐकली, काही दोनदा.

पहाटे उठणाऱ्याचं पुस्तक. त्याचं म्हणणं, पहाटे उठला की माणूस जग जिंकतो. आमच्या गल्लीत पेपर टाकणारा जन्मभर पहाटे उठला. त्याने दमा जिंकला. दुसरं ते आरशासमोर उभं राहून मी समर्थ आहे म्हणायचं. तेही करून बघितलं, मला नावं ठेवायला जागा नको म्हणून. दाराशी गिऱ्हाईक उभं होतं. त्याला वाटलं, मी त्याच्या खुर्चीबद्दल बोलतेय, आणि आजच मिळेल का म्हणून मागे लागला. एका पुस्तकात मात्र सांगितलंय की हातातलं काम संपवल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. ते मला आवडलं. पण एवढ्यासाठी तुला सहा तास वाचायला लावायचं? माझ्या आईने ते पाठीत धपाटा घालून एका दमात सांगितलं होतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकांत लेखक कधी कोणाचं ऐकत नाही. जो तो त्याचं ऐकतो, सुधारतो आणि पुढच्या प्रकरणात त्याला धन्यवाद द्यायला येतो. घरात म्हातारं माणूस आहे, ते चुकतं, तरीही त्याच्याशी बोलावं लागतं, असं एकाही पुस्तकात नाही. त्यांच्यात म्हातारी माणसं असतात ती मरताना एक चांगलं वाक्य बोलण्यापुरती.

आता तुझ्या बापाचं. त्याचा एक डोळा गेलाय, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्याचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला ठरलंय. नाही केलं तर तोही जाणार, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. तुझी पुस्तकं लावली की तो जिना उतरून खाली दुकानात यायला लागला होता. दाढी करून यायचा, टिटवे. वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या टबाशेजारी स्टुलावर बसायचा आणि मान खाली घालून ऐकायचा. पुस्तक काय सांगतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. जन्मभर बस स्टँडवर गाड्या पुकारलेला माणूस तो. तू श्वास कुठे घेतेस, एवढंच तो ऐकत असावा.

मग ते हलकं होण्याचं पुस्तक लागलं. त्यात तू सांगतेस की, ज्या माणसाशी बोलून तुम्हाला थकवा येतो त्याला आयुष्यातून निरोप द्या, तो रक्ताचा असला तरी. त्याचा फोन न घेणं हा तुमचा हक्क आहे. तुझा बाप उठला, भिंतीवरचं स्पीकरचं बटण बंद केलं आणि वर गेला. रात्री जेवताना म्हणाला की निरोप पोचला. आणि ऑपरेशन करायचं नाही म्हणाला. ज्याला बघून लोकांना थकवा येतो, त्याने लोकांना बघून काय करायचंय, असा त्याचा हिशोब.

घशाला आराम म्हणून तू फोन करत नाहीस, हे मला पटतं. पण महिनाभर त्याच्यासाठी पत्रातही ओळ नाही. त्याला आता वाचता येत नाही, मला येतं ना? एक ओळ लिही की ते वाक्य त्याच्यासाठी नव्हतं. मी त्याला वाचून दाखवते. लगेच लिही.

चिडले असले तरी आशीर्वाद खरे आहेत.

तुझी,
आत्या


७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घसा बरा आहे. ह्यांची कंबर बरी आहे. सासूबाईंचा गुडघा तसाच, मांजर उत्तम. तुझं पत्र वाचून मी ताट बाजूला सारलं, हेही विचारपूस केल्यासारखंच लिहिते.

आत्या, मी लेखिका नाही. मला कागद देतात, मी वाचते. खोलीला चारी बाजूंनी स्पंज लावलेला असतो, पंखा बंद असतो, बांगडी वाजली की काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला हात वर करतो. पोट गुरगुरलं तरी वाक्य पुन्हा घ्यावं लागतं. घामाने निथळत ती अक्कल वाचणं हे माझं काम आहे. तुझ्याकडे मोडकी खुर्ची येते तेव्हा ती कोणी मोडली याचा जाब तुला कोणी विचारतं का? मग मला का?

आणि आप्पांची बाजू तू एवढ्या मायेने लिहिलीस, तर माझीही ऐक. रोज सकाळी मी त्या खोलीत शिरणार, तेवढ्यात त्यांचा फोन. काल ऐकलं त्यात स्वल्पविरामाला धापा टाकत होतीस. परवा वाक्याचं शेपूट गिळलंस. गाडीचं नाव घेण्याआधी श्वास घ्यायचा, असं मी तुला लहानपणी शिकवलं होतं, ते विसरलीस. आत्या, मी गाड्या पुकारत नाही. एक चांगलं काम हातचं गेलं, त्या दिवशी त्यांनी सांगितलं की बरं झालं, आता तरी टेबलखुर्चीची नोकरी बघ, पोपटासारखं दुसऱ्याचं बोलून पोट किती दिवस भरणार. मला वाटेल ते बोलले, मी गिळलं. पण मग त्यांनी ह्यांच्या ऑफिसात फोन केला. माझ्या नवऱ्याला, साहेबासमोर, सांगितलं की हिचा आवाज बसत चाललाय, हिला घरी बसवा. ह्यांनी हसून सांगितलं म्हणून मला कळलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांना पुस्तकांचा राग येतो? ते स्वतःच एक पुस्तक आहेत, आणि त्यात बंद करायचं बटण नाही.

ऑपरेशन त्यांनी करायलाच हवं. ते माझ्यावर ढकलू नका. ती ओळ मी लिहिणार नाही.

घरच्यांचा सर्वांना नमस्कार. माया कमी झालेली नाही, बोलणं कमी झालंय.

टिटवी


११ जून

चि. टिटवीस,
आ. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा बाप जावईबापूंच्या ऑफिसात फोन करून बसला हे मला माहीत नव्हतं. मी त्याला त्यावरून जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एवढंच समज की, मोठी बहीण असण्याचा सगळा वचपा एका संध्याकाळी काढला. त्याने कबूल केलं नाही, पण नाकारलंही नाही.

पण तुझं मोडक्या खुर्चीचं मला पटलं नाही. खुर्ची मी मोडली नाही, खरं. पण मी विणलेल्या खुर्चीवर बसून कोणी आपटलं, तर मी तोंड फिरवून बसत नाही. आणि तू काय विणलंस? घरात बसलेल्या एका माणसाला त्याच्याच मुलीच्या आवाजात दार दाखवलंस. लेखकाने ते हजार लोकांना उद्देशून लिहिलं असेल, पण हजारांतल्या एकालाच तो आवाज ओळखीचा होता. हे तुझ्या लेखकाच्या डोक्यात यायचं नाही, तुझ्या यायला हवं होतं.

तुझी अख्खी तक्रार मी त्याला वाचून दाखवली. पोपट, श्वास, शेपूट, सगळं. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या शब्दांत लिहिते. तो म्हणाला, वाक्य लेखकाचं आहे, हे मलाही कळतं, मी काही दुधखुळा नाही. पण मी पुकारायचो तेव्हा शेवटची गाडी रद्द झाली की ते सांगायला माझी जीभ अडायची. समोर लोक बोचकी घेऊन, पोरं झोपवून बसलेले असायचे. इतक्या वर्षांत एकदाही ते वाक्य माझ्या तोंडून सरळ गेलं नाही. वरिष्ठ रागवायचे, तरी नाही गेलं. आणि ही त्या वाक्यावरून अशी गेली जशी डांबरी सडकेवरून सायकल. कुठे खडखड नाही. मनात नसतं तर अडखळली असती.

यावर तुला काही बोलता येत असेल तर बोल. ऑपरेशनची तारीख जवळ येतेय, आणि तो अजून नाहीच म्हणतोय. माझ्या हातातला वेत आणि त्याचा डोळा, दोन्ही सुकत चाललेत.

वाद संपला तरी आणि नाही संपला तरी, आत्याचं घर तुझंच आहे.

आत्या


१६ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आप्पांना वाचून दाखव. काही गाळू नकोस.

आप्पा, आमच्या कामात एक सोय असते. वाचणारा अडखळला तर तेवढा तुकडा कापून टाकतात. ऐकणाऱ्याला फक्त सरळ गेलेलं वाक्य ऐकू येतं. तेव्हा मी तुम्हाला सहज लिहू शकते की, त्या वाक्याला मी अडखळले होते, घसा दाटून आला होता आणि रेकॉर्डिंगवाल्याने ते सगळं कापलं. तुम्ही त्यावर विश्वासही ठेवला असता. आत्याला तर ते हवंच होतं. दोन दिवस मी तसंच पत्र लिहीत होते. दोन लिहिली, दोन्ही फाडली.

मी अडखळले नाही. तुम्ही बरोबर ऐकलंत. तुम्ही ह्यांच्या ऑफिसात फोन केलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पान माझ्यासमोर आलं. ते वाक्य मला पटलं होतं. इतकं पटलं होतं की वाचताना मला बरं वाटलं. घरी येऊन तुमचा फोन घेतला नाही, आणि घशाचं कारण पुढे केलं. घसा दुखत होता, पण तेवढा नाही.

माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तुम्ही ते ऐकाल. मला वाटायचं, तुम्ही माझ्या चुका शोधायला ऐकता, आणि चार पानांत कंटाळून बंद करता. तुम्ही दाढी करून खाली येता, हे मला आत्याच्या पत्रातून कळलं. त्याचा मला फार राग आला. तुमचा, माझा, आत्याचा, कोणाचा ते नीट सांगता येत नाही. तुम्ही हे फोनवर एकदा जरी सांगितलं असतंत तर. सांगितलंत ते स्वल्पविरामाचं.

ते वाक्य आज पटतं का, हे मला विचारू नका. सगळ्या माणसांबद्दल खोटं आहे असं नाही. तुमच्याबद्दल खरं ठरवायला मी निघाले होते, ते जमलं नाही, एवढंच लिहिते.

सव्वीसला मी येते आहे. तुमची परवानगी विचारत नाही, तुम्हीही कधी विचारली नव्हती. ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसेन, नंतर औषधाचे थेंब मी घालेन. ऑफिसातल्या फोनचा राग गेलेला नाही. तो मी तुमच्या तोंडावर काढणार आहे, पण पट्टी निघाल्यावर, म्हणजे माझा चेहरा तुम्हाला नीट दिसेल. तोवर जपून ठेवते.

आत्या, माझ्यासाठी वेगळं अंथरूण घालू नकोस. दुकानातल्या जुन्या आरामखुर्चीत झोपेन, ती विणून झाली असेल तर.

नमस्कार. भांडण आणि माया दोन्ही सोबत घेऊन येते, दोन्हींना जागा कर.

टिटवी


२० जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गाळू नकोस म्हणालीस, आणि मी गाळायला निघाले होते. ते वाक्य पटलं होतं, इथवर आले आणि माझी जीभ थबकली. पुढची ओळ उचलली. तुझ्या बापाने लगेच मान वर केली. म्हणाला, मधे काहीतरी खाल्लंस, मागे जा. त्याच्या कानासमोर कोणाची डाळ शिजणार? मागे गेले आणि वाचलं. त्यात बरं वाटलं, तेही वाचलं. मला वाटलं, आता हातातली वाटी फेकतो.

तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला की खोटं लिहिलं असतं तर मला कळलं असतं. एवढंच. नंतर मला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावायला लावला आणि सत्तावीसला येतो म्हणून स्वतः सांगितलं, असं खणखणीत, की पलीकडच्या बाईने त्याला हळू बोला म्हणून विनवलं.

पण फार विरघळू नकोस. माफी मागितलेली नाही. मी विषय काढला तर म्हणाला की, मुलीचा आवाज बसत असेल तर बाप सांगणारच, वेळ आली तर पुन्हा सांगेन. चहा झाल्यावर म्हणाला, निदान ऑफिसच्या नंबरावर नको होतं. मी कपबशी उचलून आत गेले. अशा माणसाला उत्तर दिलं की तो आपलं वाक्य मागे घेतो.

तुझी पुस्तकं मी बंद केलीत. सध्या दुकानात शांतता आहे, आणि तो तरीही खाली येऊन बसतो. काल एका गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं की आमची मुलगी पुस्तकं वाचते, पैसे घेऊन. आवाज बसतोय, पण वाचते चांगलं. गिऱ्हाईक खुर्चीचं विचारायला आलं होतं.

एक सांगते. आल्यावर त्याच्याशी बोलताना तो पुस्तकातला गुळगुळीत आवाज लावू नकोस. तू लहानपणी जिन्यावरून ओरडायचीस त्या आवाजात भांड. त्याने दचकायला हवं. मी मधे पडणार नाही, वर जाऊन बसेन. तुमच्यात कोण हरतं ते मला नंतर दोघांनी सांगा, वेगवेगळं.

सव्वीसला कोणत्या गाडीने येतेस ते लगेच लिही. तो विचारत नाहीये, पण स्टँडवरच्या जुन्या सोबत्याला फोन करून गाड्या वेळेवर धावतात का याची चौकशी त्याने करून ठेवलीय, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला की सहज. तेव्हा आळस करू नकोस, उलट टपाली उत्तर धाड.

तुझी,
आत्या