चार नंबरच्या प्रेसचा आवाज

गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

झाला! अल्बम झाला! तेजस्विनीच्या मामांचं चिखलीतलं वर्कशॉप गुरुवारी बंद असतं, म्हणून लेथच्या शेजारी बसून शेवटचं गाणं संपवलं. ती गायली, रणजीतनं ड्रम वाजवले, मी कीबोर्ड. आमचा पहिलाच. नाव – ‘सात महिने’.

कंत्राटी माणसाचे सात महिने भरले की ब्रेक. कार्ड काढून घेतात, आठवड्यानं नवं देतात, आणि आपण पुन्हा नवीन! माझं आणि रणजीतचं हे पाचवं कार्ड. यावर कुणी काही बोलत नाही, म्हणून आम्ही सहा गाणी बोललो.

मूळ खूळ ब्रूनोसाहेबांचं. इटलीहून प्रेस बसवायला आले, तेव्हा मी दोन महिने त्यांच्या हाताखाली होतो. चहाच्या सुट्टीत त्यांनी एक इअरफोन माझ्या कानात घातला. त्यांच्या गावच्या बँडचा पहिला अल्बम, पन्नास वर्षांपूर्वीचा. संप, कुलूप लावलेलं गेट, ऑर्गन, बासरी, अठरा मिनिटांचं एकच गाणं! भाषा ओ की ठो कळली नाही. पण मध्येच कारखान्याचा भोंगा वाजला आणि अंगावर काटा आला. खराच भोंगा होता म्हणे, त्यांच्याच कारखान्याचा.

म्हणून मीही हट्ट धरला – आपल्या गाण्यात खरी प्रेस हवी.

मंगळवार, १२ ऑगस्ट

अल्बम नेटवर टाकला. अकाउंट माझ्या नावाचं नाही, बँडच्या नावाचं. कंपनीचं नाव कुठेच नाही – तेजस्विनीनं शब्द न् शब्द तपासला.

प्रेसचा आवाज मीच घेतला होता. गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, माईकला कोण लावतंय! रणजीत चार नंबरवर काम करत होता, मी फोन डब्याच्या पिशवीत ठेवून शेजारी उभा. त्या प्रेसचा पत्रा दर सातव्या घावाला अडकतो. रणजीत म्हणाला, “अरे, हा तर रूपक! सात मात्रा!” सगळं गाणं त्याच तालावर बांधलं.

प्रेस काय, सगळ्या सारख्याच वाजतात. कोण ओळखणार?

मंगळवार, १९ ऑगस्ट

सोपानरावांनी ओळखली.

कँटीनमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू होतं. सोपानराव मेंटेनन्सचे जुने फोरमन, इथल्याच गावचे. हातातली चपाती तशीच धरून उठले. “थांब थांब! ही तर आपली चार नंबरची प्रेस हाय! सातव्याला पत्रा अडकतो बघ तिचा! व्हय का न्हाई?” चेहरा नुसता फुललेला! शेजारच्या टेबलावर एचआरच्या मोनिका मॅडम. त्यांनी चमचा खाली ठेवला.

मी भात चिवडत बसलो.

बुधवार, २० ऑगस्ट

रणजीतला बोलावलं. चार नंबरवर तोच असतो ना. दहा मिनिटांत बाहेर. कार्ड गेलं – या वेळी ब्रेक नाही, कायमचंच.

“कुणी रेकॉर्ड केलं म्हणून विचारलं,” तो म्हणाला. “मी म्हणलो, मीच.”

मी म्हटलं, मी आत्ता आत जातो, खरं सांगतो. त्यानं माझा दंड धरला. “गप की लेका! वहिनीला सहावा चालू हाय. माझं काय, एकटा जीव.”

मी गेलो नाही. त्यानं धरलं होतं म्हणून नाही गेलो, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. त्यानं हात लगेच सोडला होता.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सोपानराव पार्किंगमध्ये भेटले. डोळे लाल. “आमी कवतिकानं बोललो रं. आमच्या हाताखालची मशीन, गाण्यात!” मान हलवली.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज गेलोच मॅडमकडे. रात्रभर वाक्यं जुळवली होती. दार लावून बसलो. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, “धनेश, या वेळी तिघांना कायम करतोय. तुझं नाव आहे.”

आणि मग, हळूच – “त्या बँडमध्ये कीबोर्ड कोण वाजवतं, मी विचारलेलं नाही. विचारायला लावू नकोस.”

म्हणजे माहीत आहे! सगळं माहीत आहे!

घरी सांगणार नव्हतो, पण बायकोनं, विजयश्रीनं, चेहऱ्यावरून ओळखलं आणि सगळं काढून घेतलं. कायम होण्याचं ऐकून ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून रडली. ब्रेकमध्ये कार्ड गेलं की विम्याचा दवाखानाही अडतो. मागच्या वेळी तेच झालं होतं. ती एवढंच म्हणाली, “मी काही सांगणार नाही. तुम्ही बघा.”

काय बघू?

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. रणजीत यंदा ढोलपथकात गेला नाही. दिवसभर खोलीत पडून अल्बम ऐकतो. “चार हजार लोकांनी ऐकला, भावा! नाशिकच्या एका पोरानं लिहिलंय, माझ्या बापाचं गाणं आहे हे.” एवढा खूश, की मला तिथं बसवेना.

सोमवार, १ सप्टेंबर

काही नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

कायमच्या पत्रावर सही केली. मॅडमची एकच अट होती. चहाच्या सुट्टीत, त्यांच्यासमोरच, मी नेटवरून अल्बम पुसून टाकला. तेव्हापासून रणजीतचे सहा फोन येऊन गेलेत.