चार नंबरचा बिल्ला

जवाहरनगर,
१६ मार्च १९८६

प्रिय चंद्रकला,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नको. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला तांदळातले खडे दिसतात आणि माझ्या चुकाही. तुझ्या भावानं, ईश्वरनं, आपल्या गावाहून, करडीहून चिन्नोर तांदळाचं पोतं आणून टाकलंय.

मी गेल्या महिन्यात रिटायर झालो. हार-नारळ झाला, भाषणं झाली. फाटकावर पितळी बिल्ला जमा केला, तेव्हा बाबूनं रजिस्टरात माझ्या नंबरावर लाल रेघ ओढली. नियमच आहे तो. पण बावीस वर्षांचा नंबर एका रेघेत गेला, खोटं कशाला बोलू, जीव चरकला. आता जूनमध्ये हे क्वार्टर सोडून करडीला जायचं.

म्हणून सामान आवरायला काढलं आणि ती फळी हातात आली. आठवते ना? तू तिसरीत असताना, फॅक्टरीच्या फाटकावर असते तशी मी घरी ठोकली होती. वरची खिळ्यांची रांग 'घरात', खालची 'बाहेर'. पत्र्याचे चार बिल्ले, तुझा चौथा. शाळेत जाताना तू तो टाचा उंचावून खाली लावायचीस आणि आल्यावर आधी वर लावायचीस, मग दप्तर टाकायचीस.

ईश्वरच्या लग्नाला तुझी तार आली, 'कासवं किनाऱ्यावर आली, येता येत नाही.' भर मांडवात व्याही गोमाजी मला म्हणाले, "तुमची पोरगी कासवाच्या वरातीत गेली काय?" सारे हसले. मला ते फार लागलं. त्या रागात मी तुला लिहिलं, तुझा बिल्ला फेकून दिला, या घरात आता चार नंबर नाही. तूही माझीच पोरगी. चार वर्षं पाऊल टाकलं नाहीस, पत्रं फक्त आईला.

पण तुला एक ठाऊक नाही. आईला तेव्हापासूनच अक्षर दिसत नव्हतं. उत्तरं ती शेजारच्या सत्यवतीकडून लिहून घ्यायची, तुझी पत्रं मात्र हट्टानं माझ्याकडूनच वाचून घ्यायची. तोंड वाकडं करून का होईना, मी एकूण एक वाचलं. ओरिसाच्या त्या वाळूत तुम्ही कासवांच्या पायाला नंबराची पट्टी कशी ठोकता, अंडी हलवताना उलटी का करत नाहीत, ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेल्या कासवांची मोजणी करून तू दोन दिवस जेवली नव्हतीस, सगळं मला माहीत आहे. जेवत जा वेळेवर.

तुझ्या मागच्या पत्रात २१२ नंबरच्या कासविणीचं होतं. अठ्ठ्याहत्तर साली तू पट्टी ठोकलेली, पुन्हा कधी दिसली नाही, आणि यंदा त्याच वाळूवर अंडी घालायला आली. मी म्हटलं, त्यात एवढं दोन पानं लिहिण्यासारखं काय? तर तुझी आई म्हणाली, "आठ वर्स दिसली नाई, तरी पोरीनं तिचं नाव काटलं नाई. तुमी तं एका लग्नात काटून टाकलं."

मी उठून अंगणात गेलो आणि उगाच मोगऱ्याला पाणी घातलं.

म्हणून हे पत्र. पोरी, चूक माझी होती. बिल्ला फेकला हेही खोटंच. तो चार वर्षं माझ्या डब्याच्या पिशवीत होता, रोज माझ्याबरोबर फॅक्टरीत जायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचा. काल आम्ही दोघं करडीला जाऊन दाराशी फळी ठोकून आलो. तुझा बिल्ला खालच्या रांगेत लावलाय, 'बाहेर'. आईनं वर लावायला हात घातला होता, मी लावू दिला नाही. तो तुझ्या हातानं लाव. घाई करू नको. आधी ती अंडी फुटू दे, पिल्लं पाण्यात जाऊ दे, मग ये.

तुझाच,
बाबा (नंबर एक, घरात)