त्रिनिदादच्या माणसाशी हात कसा मिळवावा

१ फेब्रुवारी २००४
सोमेशचे उसाच्या रसाचे चरक त्रिनिदाद बेटावर खपतील असं दिसतंय. एप्रिलात जाणार म्हणाला. मीही येणार. जन्मभर बैलबाजारात दलाली केली, सौदा पोराच्या भरवशावर सोडू काय? तो म्हणाला, "आप्पा, तिथलं गिऱ्हाईक याच महिन्यात येतंय. त्याच्याम्होरं नीट वागलासा तर न्हेतो." तिथल्या रीतीभातींचे नेटवरचे कागद देऊन गेला.

३ फेब्रुवारी
कागद वाचले. बेट तेल-गॅसवर श्रीमंत. पैशाला डॉलरच म्हणतात, पण अमेरिकेचा निराळा. आपलं दुपारचं जेवण होतं तेव्हा तिथं पहाट, फोन जपून करावा. आधी गुड मॉर्निंग, मग काम. हात घट्ट मिळवावा. सोपं आहे.

५ फेब्रुवारी
शाहूपुरीत रिक्षावाल्याला आधी गुड मॉर्निंग केलं, मग भाडं विचारलं. म्हणाला, "चेष्टा करतोयस व्हय म्हाताऱ्या?" काठी हाणली. त्यानं ती हिसकावून माझ्याच पाठीवर मोडली. चूक त्याची. उद्यापासून राग बंद.

९ फेब्रुवारी
शेजारच्या गुंडूबरोबर हात मिळवण्याचा सराव. जुना पैलवान. मी घट्ट धरला, त्यानं जास्त घट्ट. नाइलाजानं लाथ घातली. पुढचं आठवत नाही. खांदा निखळलाय. पण पकड सुधारली.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
डाव्या हातानं खाट धरून लिहितोय. जबडा बांधलाय.
गिऱ्हाईक आलं. मिस्टर रामदीन. नाव ऐकूनच ओळखलं, मूळचा आपल्यातलाच. गुड मॉर्निंग झालं. हात मिळवला, घट्ट. मग बैलबाजारात करतो तसा हातांवर टॉवेल टाकला आणि आत त्याची दोन बोटं दाबून चढा भाव सांगितला. तो हात ओढायला लागला. हात ओढला म्हणजे समोरचा भाव पाडतोय, हे दलालाला कळतंच. मी तिसरं बोट पिरगाळलं. त्यानं दुसऱ्या हाताची मूठ वळून हनुवटीवर दिली. मी चरकावर पडलो. सोमेश त्याचीच माफी मागत होता!
घासाघीस मात्र रंगात आली होती.

२ मार्च
चरकांची ऑर्डर आली. मी म्हणालोच होतो. आता तयारीला लागणे.

११ एप्रिल
सोमेश गेला. सोबत त्याच्या आईला, शांतव्वाला नेलं. तिला गुड मॉर्निंगसुद्धा येत नाही. निघताना माझी पेज झाकून ठेवत म्हणाली, "जबडा लगीच सोडू नगासा. घर कसं गपगार वाटतंय."