ओठांवरच्या भेगा

९ एप्रिल २००१
यवतमाळहून आले आणि आठवड्यात कोथरूडला खोली, शिवाय नोकरी! खोलीतली राजनंदिनी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुन्या चित्रांच्या भेगा बघायचा मला पगार मिळतो, हे ऐकून ती पोट धरून हसली. हसू दे. मायक्रोस्कोपखाली रंग आटलेल्या तळ्यासारखा दिसतो. जुन्या भेगेत धूळ असते, नवी आतून स्वच्छ. सागवानी फळीवर रंगवलेली एक नऊवारीतली बाई साफ करायला माझ्या वाट्याला आलीय. देखणी आहे, ओठ मात्र मळकट.

११ एप्रिल
ओठ कशाने पुसू, असं कामावरच्या सुदर्शन सरांना विचारलं. तोंडात आहे ते वापरा, फुकट आहे, म्हणाले. थट्टा नव्हती, थुंकीने मळ अलगद निघतो. काडीला कापूस गुंडाळला, जिभेवर ओला केला आणि पुसलं. लालचुटूक ओठ निघाले! बाईला उष्टं पाजल्यासारखं वाटलं, हसू आलं.

१६ एप्रिल
उन्हाळ्यात लाकूड आकसतं, भेगा वाढायला हव्यात. ओठांवरच्या तर मिटल्यात. कॉम्प्युटरवर जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले. सर म्हणाले, भिंग पुसा. पुसलं, तरी तेच. माझे ओठ मात्र फुटलेत. पुण्याची हवा बाधली असेल.

१९ एप्रिल
चित्राच्या मालकीण प्रेमलाबाई आल्या. ते ओठ पाहून मागे सरकल्या. म्हणाल्या, ही आमची चुलत आजेसासू. घरच्यांनीच कोंडलं, पाण्यावाचून गेली. सर्वपित्रीला आम्ही सगळ्यांच्या नावाने पाणी ठेवतो, हिच्या नावाने कधीच नाही. एकदा मिळालं की ती थांबायची नाही. तुम्ही पाणी लावलं नाहीत ना, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी नाही म्हणाले. पाणी नव्हतंच ते.

२१ एप्रिल
माठ संपवला. जीभ टाळूला चिकटलीय. चिंच चघळली, तरी तोंडाला पाणी सुटत नाही. मला भीती वाटतेय.

२३ एप्रिल
सरांना म्हटलं, चित्र परत पाठवा. उद्या बघू, म्हणाले. भिंगातून पाहिलं— दोन ओठांच्या मधोमध नवी भेग. आतून स्वच्छ. आणि ओली.

२४ एप्रिल
आवाज गेला. आईला फोन लावला, ती हॅलो हॅलो करत राहिली— मी इथेच होते ग—

२५ एप्रिल
राजनंदिनी घाबरलीय. माझ्यासाठी पाणी आणायला ओट्यापाशी गेली. तिथे कुणीतरी बोलतंय— माझ्याच आवाजात— तिला सांगतंय, आधी तू एक घोट घे, मग तुझं उष्टं मला—
ती हसून बरं म्हणाली. मला ओरडता येत नाही. राजनंदिनी, नको ग, भांडं तोंडाला ला