तुम्ही साडेपाच म्हणाला होतात

प्रिय शिंदेकाका,

मागच्या मंगळवारी पुण्यात एका माणसाने गाडी तपासली. दोन तास तपासली. मग म्हणाला, "पाच लाख चाळीस हजार. ह्याच्या वर कोणी देणार नाही, आणि ह्याच्या खाली तुम्ही देऊ नका."

तुम्ही साडेपाच म्हणाला होतात. दोन वर्षांपूर्वी, नुसत्या डाव्या हाताने चाचपून. दहा हजारांचा फरक!

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस धीर झाला नाही, असं लिहिणार होते. खरं म्हणजे गरज पडली नाही. कोणी काही विचारलं नाही, तोवर मी बरी होते.

तुमच्या वरच्या मजल्यावर मी लहानाची मोठी झाले. बाबा सकाळी गाझियाबादहून दिल्लीला मंत्रालयात जायचे, तुम्ही फौजेच्या वर्कशॉपमध्ये. रविवारी कोणी ना कोणी तुम्हाला न्यायला यायचं. जुनी गाडी घ्यायची आहे, उस्ताद, ज़रा देख लो. मी मागे लागायचे. काकू म्हणायच्या, "पोरीची जात, ग्रीस लावून घेऊन येईल." तुम्ही म्हणायचात, "लागू दे. धुतलं की जातंय."

तुमची पद्धत मला पाठ आहे. तुम्ही येईपर्यंत मालकाने गाडी सुरू करायची नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर परत फिरायचं. "रातभर गार पडल्याली गाडीच खरं बोलती," म्हणायचात. मग दारांच्या फटींतून नख फिरवायचं. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, बघायचं. डिकीतली स्टेपनी काढून खाली पाणी मुरलंय का, चाचपायचं. शेवटी गाडी चालवायची, तिसऱ्या गिअरमध्ये हळू न्यायची आणि एकदम पाय दाबायचा. "ओढ बघ, पोरी. ओढ हाय का, बघ."

ओढ हा शब्द मी तुमच्याकडून शिकले. मला वाटायचं तो इंजिनाचाच शब्द आहे. कॉलेजात मराठी कविता वाचताना तो माणसांबद्दल आला, तेव्हा मी चकित झाले होते. तुम्हाला सांगितलं तर किती हसलात!

आणि शेवटी आकडा. एकच. चार ते साडेचार, असलं तुम्हाला चालायचं नाही. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांना समोरासमोर तोच. एकदा बाबांनी विचारलं, "अहो शिंदे, तुम्हाला आणतो घेणारा, चहा पाजतो घेणारा. त्याच्या बाजूने थोडं कमी सांगायला काय हरकत आहे?" तुम्ही म्हणालात, "मग मी दलाल झालो की, साहेब."

मग तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली. चार महिन्यांनी बोलायला लागलात, ते फक्त मराठी. चाळीस वर्षांची हिंदी पार पुसली गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, पण बोलायला गेलं की शब्द यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आईची भाषा शेवटपर्यंत टिकते. तुम्ही चिडून म्हणालात, "दिल्लीत मराठीचं काय करू? लोणचं घालू?"

तेव्हापासून मी तुमची हिंदी झाले. फिजिओथेरपीला, बँकेत, पेन्शनच्या खिडकीवर. तुम्ही म्हणायचात, मी सांगायचे. माझी नोकरीच ती. मंत्रालयात दिवसभर एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करायचं. तुम्ही काकूंना म्हणायचात, "हिच्या तोंडून माझा शब्द जसाच्या तसा जातो." मला त्याचा अभिमान होता.

आणि मग ओळखीतल्या भाटिया आंटींची गाडी विकायला आली.

लाल, चार दारांची, सोळाशे सीसीची. तिच्या काळात रस्त्यावरची सगळ्यात चपळ. मी एकोणीस वर्षांची असताना एकदाच त्या मॉडेलमध्ये बसले होते, मागच्या सीटवर. सिग्नल सुटला तशी पाठ सीटमध्ये रुतली. ते मी विसरले नव्हते. आंटींचे यजमान वारले होते. गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटून गेली होती, एवढी जुनी गाडी दिल्लीत रस्त्यावर आणली तर पोलीस उचलून नेणार. भंगारवाला पन्नास हजार म्हणत होता. एनओसी काढून पुण्याला न्यायची, तिथे राहणाऱ्या दादाच्या नावावर करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्हाला विचारलं, याल का? तुम्ही म्हणालात, "काठी दे."

दक्षिण दिल्लीतलं जुनं घर. आंटींनी लिंबाची शिकंजी आणली. गाडीकडे बघून म्हणाल्या, "ये मेरी सौतन थी जी. संडे को मुझे नहीं, इसे नहलाते थे." तुम्ही हसलात. अर्ध्या तोंडाने, पण मनापासून.

तुम्हाला चालवता येत नव्हतं. मी चालवली, गल्लीतल्या गल्लीत. तुम्ही शेजारी बसलात, डावा हात डॅशबोर्डवर. तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय दाबला आणि तुम्ही डोळे मिटलेत. परत आल्यावर बोल्ट बघितले, डिकी बघितली, बराच वेळ गाडीला टेकून उभे राहिलात.

"बाईनं किती मागितल्यात?"

"दोन."

"खुळी का काय! साडेपाच हाय ही. हिथल्या कायद्यानं म्हातारी झाली, म्हाराष्ट्रात नेली की साडेपाच. सांग तिला."

आंटी माझ्याकडे बघत होत्या. "क्या कह रहे हैं अंकल?"

काका, माझ्याकडे दोन लाख दहा हजार होते. हे कारण म्हणून लिहीत नाही. नुसतं लिहिते. साडेपाच नव्हते, कर्ज काढायची तयारी नव्हती, आणि गाडी हवी होती. "माझ्या आवाक्याबाहेर आहे" हे वाक्य दोन्ही भाषांत मला येत होतं.

मी म्हणाले, "कह रहे हैं, एक अस्सी ठीक रहेगा."

तुम्हाला हिंदी कळत होती. तुमची मान गर्रकन माझ्याकडे वळली. "न्हाई. आसं मी म्हटलं न्हाई."

"अब क्या कह रहे हैं?" आंटींनी विचारलं.

"कह रहे हैं, हैंडब्रेक भी ढीला है."

दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा सहज आलं. एवढंच मला आजही झोंबतं. पहिल्याला मी अडखळले होते. दुसऱ्याला नाही.

तुम्ही बॉनेटवर थाप मारलीत. आंटींना वाटलं, सौदा पक्का! म्हणाल्या, "फौजी आदमी हैं, इनसे क्या मोल-भाव करना. चलो, बाथरूम की टाइल्स तो हो जाएँगी." आणि तुम्हाला हात जोडले. तुम्हाला, काका! तुम्ही डावा हात छातीशी नेलात. दुसरं काय करणार होतात?

वर्षभर मी तुमच्यावर मनातल्या मनात रागावले होते. मान हलवायला भाषा कुठे लागते? डावा हात धड होता, पाच बोटं दाखवायची होतीत. का नाही दाखवलीत? आपणच गप्प राहिलात आणि मला सुटू दिलंत, असं मी स्वतःला सांगत राहिले. सोयीचा राग होता तो.

आता वाटतं, तुम्ही गप्प नव्हतातच. जे म्हणायचं ते म्हणालात, मला कळेल अशा भाषेत. परक्या बाईसमोर मला खोटं पाडायचं नव्हतं तुम्हाला. मीच ते सुधारीन, अशी वाट बघत उभे होतात. किती वेळ उभे होतात तुम्ही त्या उन्हात? मी बयाण्याची रक्कम फोनवरून पाठवत होते.

परतीच्या टॅक्सीत अक्षरधाम मागे पडलं. मग म्हणालात, "माझ्या तोंडानं बोललीस तू."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. "काका, गाडी भंगारातच जाणार होती," मी म्हणाले. तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत.

गाडीचे पेढे घेऊन आले, तेव्हा काकूंनी ते देवापुढे ठेवले. तुम्ही घेतला नाहीत. काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांची साखर वाढलीय." साखर वाढली नव्हती. मीच तर रिपोर्ट आणले होते.

त्यानंतर फिजिओथेरपीला तुम्ही मला बोलावणं बंद केलंत. काकूंना घेऊन जायला लागलात. काकूंची हिंदी! एकदा मी दाराबाहेर थांबून ऐकली. "भैया, वो हाथ ऐसा ऐसा नहीं होता. पाय होता." तो बिचारा फिजिओथेरपिस्ट नको तोच हात उचलत होता. तुम्ही आत बसून सोसत होतात. माझ्या स्वच्छ हिंदीपेक्षा तुम्हाला ती परवडली.

मला वाटलं, राग जाईल. एक दिवस खाली येऊन सांगीन, असं ठरवत होते. दर रविवारी ठरवत होते. दुसरा झटका शुक्रवारी आला.

तुमच्या तेराव्याला वर्कशॉपचे जुने लोक आले होते. मी चहा देत होते. काकूंनी मला पुढे करून त्यांच्या हिंदी-मराठीत सांगितलं, "हिला गाडी ह्यांनीच बघून दिली. आजारपणात. एक लाख अस्सीला." काकूंना तुमचं कौतुक करायचं होतं. ते लोक गाड्यांतले. ऐकून एकमेकांकडे बघायला लागले. एक सरदारजी हसून म्हणाले, "एक अस्सी! वो गाड़ी? ओए, उस्ताद जाते-जाते दलाली सीख गया!" सगळे हसले. प्रेमानेच हसले.

माझ्या हातात ट्रे होता. मी म्हणाले, "शक्कर अलग से दूँ?"

काका, गाडीची किंमत मी खोटी सांगितली, ते एक. पण तुम्ही आयुष्यभर दोघांना एकच आकडा सांगितलात, आणि तुमच्या माणसांच्या शेवटचा लक्षात राहिला तो माझा. काकू अजून तोच सांगतात. परवा जिन्यात नव्या भाडेकरूंना सांगत होत्या, "ह्यांनी अस्सं स्वस्तात मिळवून दिलं." मी पायऱ्या उतरून निघून गेले.

दादा म्हणतो, सोसायटीत जागा नाही, गाडी विकून टाक. म्हणून तो मंगळवारचा माणूस आला. आकडा सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "घेताना कोणाला दाखवली होतीत? ज्याने निवडली त्याला कळत होतं." मी तुमचं नाव सांगितलं. "त्यांनी किती लावली होती?" त्याने विचारलं.

"साडेपाच," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तुमचं वाक्य बरोबर सांगितलं. ज्याला त्याचा काही उपयोग नव्हता, त्या माणसाला!

गाडीचा व्यवहार थांबवला आहे. कागद दादाच्या नावावर असले तरी ती विकायची का, कोणाला, आणि पैसे कोणाचे, हे भाटिया आंटींना विचारल्याशिवाय काही करणार नाही. त्या रागावतील. पोलिसांत जाते म्हणतील, त्यांचा हक्क आहे. काल फोन केला. म्हणाल्या, "आ जा बेटा, संडे को. अंकल कैसे हैं?" मी फोनवर सांगितलं नाही. तेही रविवारी.

काकूंना आज संध्याकाळी सांगेन. आधी त्यांना. मला वाटतं, त्या आधी पेढ्यांबद्दल विचारतील. वर्कशॉपच्या सरदारजींचा नंबर काकूंकडे आहे, त्यांनाही फोन करीन.

आंटींना काय सांगायचं, ते कागदावर लिहून बघितलं. सवयच तशी. पहिल्यांदा लिहिलं, "थोड़ी ग़लतफ़हमी हो गई थी." खोडलं. मग, "बताने में चूक हो गई." तेही खोडलं. आता उरलंय ते एवढंच: "अंकल ने साढ़े पाँच लाख कहा था. मैंने आपसे झूठ बोला." ह्यात एक शब्द मी वाढवणार नाही आणि एक गाळणार नाही. हे वचन आहे, काका.

त्या विचारतील, तुझे अंकल तिथेच उभे होते, मग चुप का राहिले? तेव्हा सांगेन, "चुप नहीं थे, आंटी. मराठी में बोल रहे थे."

तुमच्याच वरच्या मजल्यावरची,
मेधा