बाबांच्या गाडीचे दिवे

रविवार, १९९४. हिमायतनगर

दिवे मंद पडतात म्हणून बाबांनी अंधार पडल्यावर जुनी गाडी काढणं सोडलं होतं. हल्ली कोठीच्या बाजारात परदेशी मालही सहज मिळतो. तिथून मी रिले आणि जादा फ्यूज बॉक्स आणला, म्हणजे दिव्यांना थेट बॅटरीतून जोर मिळेल. बाबांची अट एकच: पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही.

"सुराख नक्को तो नक्को, साब," म्हणत युसूफ मेस्त्रींनी सगळं जुन्याच बोल्टांवर पट्टी लावून बसवलं.

दिवेलागणीला बाबांनी बटण ओढलं. समोरची भिंत अशी उजळली की मेस्त्रींनी डोळ्यांवर हात धरला.

"अजून मंदच आहेत रे," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वायरी तपासायला वाकलो. काय बावळट मी! मेस्त्रींनी माझा दंड धरला. "हौ साब, थोडे मद्धम हैंच. गाडी पुरानी है ना."

एवढं खोटं मला का सुचू नये?

बाबांनी बॉनेटखाली हात घालून पत्रा बोटांनी चाचपला. नवं भोक नव्हतं. मग चावी माझ्या हातात ठेवली.

"संध्याकाळी तूच चालवत जा. दिव्यांना किती दिवस नावं ठेवू?"