टेकडीवरचा आडोसा

३० ऑगस्ट

पोचलो एकदाचा! खाली बातुमी शहराचा समुद्र, वर ढग, मधोमध आमची टेकडी आणि तिच्यावर मी, गळ्यात दुर्बीण घालून सेनापतीसारखा उभा. उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षी मोजायचे, बदल्यात खोली, जेवण आणि थोडे पैसे. द्राक्षमळा सोडला, बोट सोडली, बेकरी तर तीन दिवसांत सोडली. नातियाताई म्हणाली, बाचो, हा एक हंगाम शेवटपर्यंत टिकून दाखव, मगच माझ्या दारात पाय ठेव. दाखवतोच!

लामाराकाकूंकडे उतरलोय. मक्याची भाकरी, लोण्यात वितळवलेलं चीज. चौथी भाकरी नको म्हटलं, तर म्हणाल्या, आईनं जेवायला शिकवलं नाही वाटतं.

३ सप्टेंबर

काकूंचे यजमान जेमालकाका. त्यांनी आज आपला उद्योग दाखवला. इथले जुने लोक ससाणा धरतात, त्याच्याकडून लावे मारवतात आणि हंगाम संपला की त्याला सोडून देतात. धरायची तऱ्हा मोठी मजेशीर. आधी मातीतला रातकिडा लावून खाटीक नावाचा छोटा पक्षी पकडायचा. त्याला काठीच्या टोकाला बांधायचं आणि डोळ्यांवर कातड्याच्या इवल्या झापडी बसवायच्या. मग त्याला खालचं दिसतं, वरचं नाही. वरचं दिसलं तर भीतीनंच मरेल बिचारा. आपण ताज्या फांद्यांच्या आडोशामागे चिडीचूप. आभाळात ससाणा दिसला की काठी हलवायची. खाटीक फडफडतो, ससाणा झेप घेतो आणि मधे ताणलेल्या जाळ्यात अडकतो. फांद्या वाळल्या की ससाणा ओळखतो, म्हणून सारख्या नव्या खोवायच्या.

मी विचारलं, ससाणा जाळं चुकवून आला तर? काका म्हणाले, तर काय पोरा, दुसरा खाटीक शोधायचा. आणि स्वतःच इतके हसले की ठसका लागला.

८ सप्टेंबर

डोकं फिरायची वेळ आली. किनाऱ्यानं मधुबाज या शिकारी पक्ष्यांची रांगच्या रांग येते आणि नेमकी माझ्या टेकडीआधी फुटते. अर्धे समुद्रावरून जातात, अर्धे मागच्या दरीतून. नदीत मधोमध खडक असावा तसं. माझ्या डोक्यावर तेवढं गोल, रिकामं आभाळ. दिवसभरात एक कावळा. तोही वाट बदलून गेला.

पलीकडच्या टेकडीवर यूप मोजतो, हॉलंडचा. तो हजारांनी मोजतो. शिवाय वायरलेसवरून मला म्हणतो, बाचोमहाराज, आंघोळ करत जा, वास लांबवर येतो.

रागारागात वाटेवरचं एक कच्चं, तुरट पर्सिमन फळ चावलं. जीभ लोकरीची झाली. ते कशाला खाल्लं देव जाणे.

११ सप्टेंबर

आज जेमालकाकांशी भांडलो. म्हटलं, माझ्या पाठीमागच्या तुमच्या आडोशाला बुजतात पक्षी, हलवा तो टेकडीवरून. काका म्हणाले, डोळे तपासून घे, माझा आडोसा खाली मक्यात आहे, वर मी आयुष्यात बसलेलो नाही.

मग माझ्या पाठीमागची ती हिरवी भिंत? काका म्हणाले, झाडं असतील. झाडंच आहेत. माझंच चुकलं. पण मग पक्षी कशाला बुजतात?

१४ सप्टेंबर

पाठीमागची झाडं वाळली. सगळी, एकदम. इथं तर बुटातही शेवाळ उगवतं!

१५ सप्टेंबर

सकाळी पुन्हा हिरवीगार. पावसानं असेल. पण डावीकडच्या झाडाला सुतारपक्ष्याची ढोली होती, तिच्यात मी काल बिस्किटाचा पुडा ठेवला होता. ढोली नाही. पुडाही नाही. त्या जागी दुसरंच झाड आहे.

आजही एक पक्षी वरून गेला नाही. यूपनं विचारलं, झोपतोस का रे?

१७ सप्टेंबर

पापण्या सुजल्यात. काकूंनी चहाच्या पाण्याची पट्टी ठेवली, म्हणाल्या, सारखं उन्हाकडे बघतोस, दुसरं काय होणार. बूट दिसतात, वही दिसते, खालचा रस्ता दिसतो. मान कितीही मागे टाकली तरी आभाळ दिसत नाही. पक्षी मोजणाऱ्याला! चीड येते नुसती.

दुपारी यूप बोलला. आज चेष्टा केली नाही. म्हणाला, तुझ्या डोक्यावर काहीतरी घिरट्या घालतंय, गरुड त्याच्यापुढे चिमणी वाटेल. याला काय म्हणून नोंदवू? मग म्हणाला, बाचो, खाली उतर.

१८ सप्टेंबर

उतरलो. पिशवी घेतली, बस दिसत होती. ताईला काय सांगायचं ते जुळवत होतो— खांद्यांत हिसका बसला. पाय जमिनीवरून सुटले. परत टेकडीवर. गुडघे फुटलेत.

पुन्हा गेलो. पुन्हा हिसका.

सगळीकडून पळालेला मी. इथून तेवढं—

१९ सप्टेंबर

जेमालकाका अर्ध्या वाटेपर्यंत आले. पुढे येईनात. झाडांकडे बघून त्यांनी टोपी काढली. खालूनच ओरडले, पोरा, मागे बघू नकोस, त्यांना मुळं नाहीत, त्या खोवलेल्या फांद्या आहेत. सुरी घेऊन येतो म्हणाले. कापणार काय? दोर तर मला दिसतही नाही.

जाताना त्यांनी आपला खाटीक सोडून दिला. रडत होते.

मग समजलं. टेकडी म्हणजे काठी. आणि टोकाला—

२० सप्टेंबर

पानं ताजी आहेत. आत्ताच खोवलेली. चीक गळतोय.

मागे कुणी खोकत नाही. शिकारी चांगला आहे. चांगला असेल तर जाळं वेळेवर— काका म्हणाले होते, हंगाम संपला की सोडतात. ससाण्याला. खाटकाचं मी विचारलंच नाही.

काका आले नाहीत.

ताई, शेवटपर्यंत टिकलो. दार उघडं ठेव.

डावा हात वर गेला. मी नाही उचलला. पुन्हा. फडफडतोय— म्हणजे मागच्याला दिसलंय— ते वर आलंय—

वहीवर सावली. मोठी होतेय.

जाळं असेल ना मधे? असेलच. उजवा हात अजून माझा आहे, हा बघ, लिहितोय, ताई, उजवा अजून मा